कासवाची खेळी

बसा इथे, या बाकावर. तिकडचा दिवा मघापासून फडफडतोय, डोळे बिघडतील. चष्म्याचं दुकान आहे माझं, म्हणून एवढं तरी ठामपणे सांगतो. तुमचं माणूस झोपलंय ना आत? मग बसा. माझी ताई त्या कोपऱ्यातल्या खोलीत आहे. काय झालंय म्हणून विचारताय... डॉक्टरांनाच कळलेलं नाही. मला कळलंय, पण माझं ऐकून त्यांनी मलाच झोपेची गोळी लिहून दिली!

सुरुवात अगदी साधी झाली. ताई म्हणाली, "ह्यांचं घड्याळ क्लबातच राहिलंय रे. तेवढं आणून दे."

'हे' म्हणजे माझे भावोजी. नुकतेच गेले होते. आणि घड्याळ म्हणजे मनगटावरचं नव्हे, बुद्धिबळाचं. एका लाकडी पेटीत शेजारीशेजारी दोन तबकड्या, वर दोन बटणं. खेळी केली की आपलं बटण दाबायचं. आपला काटा थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. दोघांना वेळ सारखाच, तो कसा पुरवायचा ते ज्याचं त्याने बघायचं. काटा बाराजवळ आला की एक लाल झेंडी उचलली जाते आणि बारावर पोचला की खाली पडते. झेंडी पडली की हरलात, मग पटावर तुम्ही कितीही जिंकत असा.

भावोजींची झेंडी हमखास पडायची. क्लबात सगळे त्यांना कासव म्हणायचे. अहो, पहिल्या दोन-चार खेळ्या तर पोरंसोरंही पाठ म्हटल्यासारख्या खेळतात, तिथेही हा माणूस डोकं धरून बसायचा! सोन्यासारखा डाव उभा करायचा आणि शेवटी वेळ नाही म्हणून घालवायचा. मग हळहळायचे, "अजून पाच मिनिटं हवी होती रे." मी अगदी उलट. माझा हात डोक्याच्या आधी धावतो. हरायचो मीही, पण माझ्या घड्याळात वेळ ढीगभर उरलेला असायचा. ताई म्हणायची, "तुम्हा दोघांना घुसळून एक धड माणूस काढायला हवा होता."

गेले तेही माझ्याशी खेळतानाच. त्यांची पाळी होती. मी कंटाळून तोंड धुवायला उठलो. परत आलो तर हनुवटी छातीला टेकवून बसलेले, काटा चालू. म्हटलं, चाललंय नेहमीचं. शेजारच्या पटावरचा एकजण हसून म्हणाला, "कासव समाधीत गेलं वाटतं." मी चहा घेतला, गप्पा मारल्या. बऱ्याच वेळाने सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि... काय सांगू तुम्हाला. माणूस कधीच गेला होता आणि आम्ही सगळे त्याला विचार करू देत होतो.

तर घड्याळ आणायला गेलो. सायकलच्या दुकानावरची ती लांबट खोली, भर दुपारची वेळ, खालून येणारा रबराचा आणि ग्रीसचा वास. सेक्रेटरींनी कुलूप काढलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तो पट तसाच आहे," ते हळूच म्हणाले. "हात लावायला कोणी धजत नाही."

आत टिकटिक ऐकू येत होती.

"चावी कोण देतं याला?" मी विचारलं.

"कोणी नाही..."

भावोजींचाच काटा चालू होता. चालू म्हणजे वाजत होता, हलत नव्हता. बाराच्या केसभर अलीकडे, झेंडी आडवी उचललेली, आणि ती काही पडत नव्हती. मग माझं लक्ष पटाकडे गेलं. त्यांचा घोडा कोपऱ्यातून निघून माझ्या वजिराच्या मानेवर येऊन बसला होता. म्हणजे भावोजींनी खेळी केली होती. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं! भल्याभल्यांची होते ही चूक. खेळी करून माणूस निवांत बसतो आणि वेळ जळत राहतो त्याचाच.

मी घड्याळ काखेत मारलं आणि ताईकडे गेलो. वाटभर ती टिकटिक बरगड्यांना लागत होती. ताईने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, घरचा पट काढला आणि म्हणाली, "शेवटचा डाव मांडून दे ना रे. मला कळत नाही त्यातलं, पण नुसती बघत बसेन." आता अशा वेळी नाही कसं म्हणायचं? दिला मांडून.

दुसऱ्या दिवशी गेलो तर जिन्यातच करपल्या दुधाचा वास. ताई त्या पटासमोर बसलेली, अंगावर कालचेच कपडे, हातात कप. कपातला चहा तळाशी वाळून गेलेला.

"अरे, आत्ताच तर गेलास! काही विसरलास का?"

"ताई, मी काल गेलो..."

ती हसली. मग खिडकीबाहेर बघितलं आणि तिचं हसू गेलं.

पुढे रोज तेच. कधी गॅस चालू राहायचा, कधी नळ, कधी दार सताड उघडं. ताई म्हणायची, "मी नुसती टेकते रे. डोळासुद्धा मिटत नाही. आणि बघते तर दिवस गेलेला असतो. कोणीतरी मधल्या मध्ये उचलून नेतं." डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, होईल हळूहळू. मलाही तेच पटलं होतं. मग एका दुपारी ती माझ्याशी बोलता बोलता थांबली. ओठ अर्धवट उघडे, पापणी स्थिर. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत जमिनीवर आलं, विझलं, तरी ती तशीच. घरात आवाज फक्त एक. आणि काटा? काटा जिथल्या तिथे!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भावोजींचा स्वतःचा वेळ तर संपलाच होता. आता ते तिच्या वेळावर बसले होते. मुद्दाम नव्हे हो, तसा माणूस नव्हता. पण दोघांनी आयुष्यात कधी तुझं-माझं केलं नव्हतं, आणि डावात डोकं घातलं की त्यांना जगाची शुद्ध नसायची.

मी दोन्ही बटणं मधोमध आणून घड्याळ बंद केलं. पाठ वळताच पुन्हा टिकटिक. मग हार मानली. माझा राजा पटावर आडवा केला आणि हात जोडून म्हणालो, "हरलो भावोजी. सोडा आता." पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात ताई भानावर आली होती. "हा का रे पडलाय?" म्हणत तिने राजा उचलून त्याच्या घरात नीट उभा केला. जन्मात कधी सोंगटीला हात न लावलेली माझी ताई! मला काय वाटलं ते सांगायला नको.

एकच गोष्ट उरली होती. त्यांच्याकडून दाबायचं राहिलेलं बटण मी दाबलं.

त्यांचा काटा गप्प झाला, माझा सुरू झाला. आणि ताई... अहो, दिवा लावावा तसा तिचा चेहरा उजळला! "भूक लागलीय रे," म्हणाली. उठली, केस बांधले, स्वयंपाकघरात भांड्यांचा खडखडाट सुरू केला. आतून मोठ्याने बोलत होती. "तुला माहितीये, मला लग्नाचं विचारायला ह्यांनी किती वर्षं लावली? शेवटी मीच म्हटलं, अहो, विचारा आता, मी म्हातारी होतेय!" आणि स्वतःच खळखळून हसली. ते गेल्यापासून अशी मोकळी पहिल्यांदाच हसली होती. माझे डोळे भरून आले.

पण मधलं मधलं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. ती हसली, आणि लगेच माझ्यासमोर चहा होता, त्यावर जाड साय. पुढच्याच क्षणाला खिडकीत काळोख. मग पुन्हा ऊन. हनुवटीवर हात फिरवला तर खुंट वाढलेले. माझा काटा मात्र भराभर पुढे चालला होता.

तसाच बसून राहायचं, असंही मनात आलं होतं. जन्मभर खेळताना कधी न खर्चलेला वेळ तिला देऊन टाकायचा. माझी झेंडी पडली असती, डाव संपला असता, मीही संपलो असतो बहुतेक. पण ताईने मला गदागदा हलवलं. "अरे, पापणी तरी हलव! तूही असा बसलास तर मी कोणाकडे बघू?" रडत होती बिचारी. आणि तिला रडताना बघून माझ्या या उतावळ्या डोक्याला वाटलं, दोघंही वाचू. आपण अशी खेळी करू की भावोजींना विचारच करावा लागणार नाही!

मी माझ्या राजापुढचं प्यादं ढकललं. इतकी गाढव खेळी मी शाळेतही केली नसेन. आता त्यांनी घोडा उचलायचा, पुढे ठेवायचा, की मात. शिकाऊ पोरालाही दिसावी अशी. बटण दाबलं.

ताई माझ्या हातातला गार चहा घेऊन वळली होती. "थांब, गरम करून आण..." एवढंच म्हणाली. कप हातातून पडला, फुटला. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

"भावोजी, मात आहे," मी म्हणालो. "समोर आहे. करा ना..."

टिकटिक.

"अहो, करा ना!"

आणि मग मला कळलं मी काय करून बसलो ते. फुकट मिळालेलं प्यादंसुद्धा या माणसाने कधी चटकन मारलं नव्हतं. जितकी खेळी सोपी, तितका जास्त वेळ. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तू इतका मूर्ख नाहीस. यात काहीतरी आहे." आता ते शोधतायत, त्या खेळीत काय आहे ते. त्यात काहीही नाही हो. काहीही नाही. आणि जे नाही ते शोधायला किती वेळ लागतो, सांगा मला.

माझी पाळी आता येणार नाही. ती यायला त्यांनी खेळायला हवं. घड्याळ मी फरशीवर आपटून फोडलं, चाकं झाडूने गोळा करून फेकून दिली. त्या घरात आता चिटपाखरूही आवाज करत नाही. ताई मात्र तशीच आहे. तिला इथे आणून किती दिवस झाले, मी मोजायचं सोडलंय. नळीने अन्न देतात. श्वास चालू, नाडी मंद. डॉक्टर म्हणतात, अशी माणसं वर्षानुवर्षं राहू शकतात. जणू मला धीर देतायत!

तुम्ही उठू नका, होतच आलं. एवढंच सांगायचं राहिलंय. तिचा उजवा हात चादरीवर राहत नाही. आपोआप वर येतो आणि तिथे, हवेत, थांबतो. अंगठा आणि दोन बोटं खाली वळलेली, चिमटीत सोंगटी धरल्यासारखी. नर्स येते, हात खाली ठेवते, वर पांघरूण घालते. थोड्या वेळाने पुन्हा वर. सगळे म्हणतात, शिरा आखडतात म्हणून होतं तसं.

काल दुपारी मी शेजारी बसलो होतो. तो हात हळूहळू खाली यायला लागला. इतका खाली आजवर आला नव्हता. बोटं चादरीला टेकायला एक दोरा उरला असेल. मी उठून उभा राहिलो. "करा भावोजी," मी म्हणालो, "पाया पडतो तुमच्या... ठेवा..."

बोटं तिथेच थरथरली. मग त्यांनी हात मागे घेतला.