कानात वाचलेले सिनेमे

"सगळ्यात खालची ओळ वाचा."

"तिथे ओळ आहे?"

"आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

मी हसू दाबलं. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्यानं हसायचं नसतं. समोरचा आधीच घाबरलेला असतो. हा मात्र घाबरलेला दिसेना. तपासणीची जड चौकट नाकावर तोलत तो समोरच्या पाटीकडे असा बघत होता, जणू दूर कुणाच्या तरी घरात दिवे लागलेत आणि आपल्याला आमंत्रण आहे की नाही, ते ठरायचंय.

"बरं, तिच्या वरची?"

"तिच्या वर... मुंग्या आहेत."

"आणि तिच्या वर?"

"मोठ्या मुंग्या."

आता मात्र मला राहवलं नाही. "अहो, इतके दिवस तुम्ही वावरत होता तरी कसे?"

"माझं सगळं काम वीतभर अंतरावरचं. कवळ्या बनवतो मी, दातांच्या. दात काही उठून लांब जाऊन बसत नाहीत." मग चौकटीखालून त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी त्याच्यापासून वीतभरच होते. "हसलात ना आता, तेव्हा वरचा एक दात जरा आडवा दिसला. छान आहे. असा दात मी शंभर कवळ्यांत मुद्दाम बसवायला गेलो तरी जमायचा नाही."

मी ओठ मिटले. इतक्या वर्षांत त्या दाताला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी काच बदलली, गरज नसताना.

"आज अचानक डोळ्यांची आठवण कशी झाली?"

"एका बाईंनी हाकललं." त्यानं उसासा टाकला. "वाचनालयाच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी सिनेमे दाखवतात, ठाऊक आहे? जगातले नावाजलेले शंभर, यादीप्रमाणे. सिनेमा संपला की चर्चा. मागच्या शनिवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, धाकट्या भावाचं मरण फार संयमानं दाखवलंय."

माझा हात हवेतच थांबला.

"मग बाई म्हणाल्या, धाकटा भाऊ मेलेला नाही, शिकायला परगावी गेलाय. पडद्यावर खाली भाषांतराच्या ओळीत तीनदा लिहून आलं होतं. आधी डोळे तपासून या, मग मत मांडा!" तो कळवळून म्हणाला, "पण स्टेशनवर सगळे रडत होते हो! आई तर खांबाला धरून..."

"शेवटच्या रांगेतून बोललात ते तुम्ही होतात?"

"तुम्ही तिथे होता?"

होते. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. दर शनिवारी. एकटी.

खरं सांगायचं तर ती यादी माझ्या जिवाला लागलेली होती. सिनेमा पाहिला की नावापुढे खूण, खुणेपुढे तारे. लोक डोंगर चढतात, तशी मी ती यादी चढत होते, मध्ये कुठे टेकायचं नाही अशा हट्टानं. एका सिनेमात एक म्हातारा पहिल्यापासून शेवटपर्यंत छप्पर शाकारतो, बाकी काही घडत नाही. त्यात मला दोन डुलक्या लागल्या, तरी मी पाचही तारे दिले. एवढ्या मोठ्या सिनेमाला कमी देणारी मी कोण?

माझी धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तू सिनेमा बघतेस की पेपर सोडवतेस?"

त्याचा नंबर निघाला मोठा, शिवाय तिरकाही. दुकानाचे मालक काका म्हणाले, "अशा काचा बाहेरून मागवाव्या लागतात. महिना जाईल."

"महिनाभर मी काय करू?" त्यानं विचारलं.

"पुढे बसा," मी म्हटलं.

आणि तो बसला. शनिवारी माझ्याच शेजारी.

दिवे मालवले, पडद्यावर बर्फ पडू लागला, आणि पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं. माझ्याच डोळ्यांना ताण पडत होता, मग त्याचं काय! थोड्या वेळानं अंधारातून हळूच आलं, "काय म्हणाली?"

सिनेमात बोलणारी माणसं मला मुळीच खपत नाहीत. पण तो विचारत होता लहान मुलासारखा, खिडकीशी उभं राहून 'कोण आलं' विचारावं तसा. मी कुजबुजले, "म्हणाली, चूल विझलीय."

"आणि तो?"

"तो म्हणाला, मला थंडी वाजत नाही."

"खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"नाक बघा ना त्याचं!"

मी बघितलं. नाक लालबुंद. आणि त्या पोराचे हात स्वतःच्याच काखेत. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि मी नुसती खालची ओळ वाचत बसले होते...

तेव्हापासून प्रथाच पडली. मी त्याच्या कानाशी ओळी वाचायची, तो चेहरे बघायचा. मी सांगायची, "ती म्हणतेय, जा." तो म्हणायचा, "पण दार लावत नाहीये." मी सांगायची, "बापानं शाबासकी दिली." तो म्हणायचा, "न बघता दिली." मी जे वाचत होते, त्याच्या पाठीमागे आणखी एक सिनेमा चालला होता, आणि तो या आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्याला लख्ख दिसत होता.

त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशासारखा, मेणासारखा काहीतरी वास यायचा. कानाशी झुकताना केसांची एक बट त्याच्या खांद्याला लागायची. ती मागे घ्यायचं मला दर वेळी सुचायचं... सिनेमा संपल्यावर.

मागून बाई खाकरायच्या. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी मंडळी त्यांना वचकून. "तिसऱ्या रांगेत पारायण चाललंय का?"

"बाई, तुम्हीच डोळे तपासायला पाठवलंत," तो मागे वळून म्हणायचा. "हा त्याचाच उपचार."

घरी मी यादीवर खुणा करायला विसरू लागले. धाकटीच्या ते बरोबर ध्यानात आलं. आरशापुढे केस विंचरताना तिनं ओवी रचली आणि मला ऐकू जाईल अशी गुणगुणली,

"दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढिते गं बाई,
आपुल्या डोळ्यांत कोण, तिला ठाव नाही!"

मी उशी फेकली. तिनं ती झेलली आणि म्हणाली, "ताई, कवळीवाला भावजी म्हणजे म्हातारपणाची चिंताच मिटली!"

आणि मग एका दुपारी काचा आल्या.

मी पाकीट फोडलं. काचा फ्रेममध्ये बसवल्या, स्क्रू आवळले, पुसल्या, उजेडात धरल्या. उत्तम झाल्या होत्या. चष्मा दिला की तो स्वतःच वाचणार. स्वतःच वाचणाऱ्याला कानाशी कुणी कशाला हवं? तो परत शेवटच्या रांगेत जाईल, लांब पाय पसरून बसेल, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर पुन्हा माझी पर्स.

मी चष्मा डबीत घातला आणि डबी खणात. उद्या देऊ, म्हटलं. दांडी जरा सैल आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, परवा देऊ, नाकावरचा आधार नीट बसायला हवा. तिसऱ्या दिवशी सकाळी काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या कवळीवाल्याच्या काचा अजून आल्या नाहीत?" मी म्हटलं, "बघते." काकांचे केस या धंद्यात पांढरे झालेले. ते एवढंच म्हणाले, "बघ. पण त्यालाही बघू दे."

त्याच सकाळी तो दुकानात शिरला तो रुसूनच. "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"मी? का?"

"आत्ता रस्त्यापलीकडून मी तुम्हाला हात केला. दोनदा केला. तुम्ही खिडकीत उभ्या होतात, चांगल्या हसत होतात, पण हात काही उचलला नाहीत. काल संध्याकाळीही तसंच. मी म्हटलं, शनिवारी माझं काही चुकलं असेल..."

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पुठ्ठ्याची बाई उभी होती, माणसाएवढी, नव्या फ्रेमची जाहिरात करणारी. ती वर्षभर हसतेच आहे.

मला असं हसू फुटलं की काउंटरला धरावं लागलं. त्याला कळेना. हात धरून मी त्याला खिडकीपाशी नेलं, अगदी वीतभर अंतरावर. त्यानं त्या बाईला न्याहाळलं, तिच्या गालावर टिचकी मारली आणि लाजून लालेलाल झाला. "दात सगळे सरळ आहेत हिचे," तो पुटपुटला. "तेव्हाच ओळखायला हवं होतं."

आणि माझं हसू तिथेच अडखळलं. हा माणूस दोन दिवस एका पुठ्ठ्याची मनधरणी करतोय... आणि त्याची नजर माझ्या खणात बंद आहे.

मी खण उघडला. "हा घ्या. परवाच आलाय. मी... दिला नव्हता."

"का?"

मी चष्मा त्याच्या नाकावर बसवला, दांड्या कानांमागे सारल्या आणि मागे सरले, काउंटरच्या पलीकडे, पार भिंतीपर्यंत.

त्यानं वर पाहिलं. पाटीकडे नाही. माझ्याकडे.

किती वेळ पाहिलं, कोण जाणे. बाहेर झिमझिम सुरू झाली, काचेवर थेंब धरू लागले. मग "येतो" म्हणाला आणि गेला, दार नीट लावून.

झालं, मी मनात म्हटलं. पडद्यावरची माणसं दुरून चांगली दिसतात. आपलं उलटं असणार.

शनिवारी मी मुद्दाम पहिल्या रांगेत, अगदी कोपऱ्यात जाऊन बसले. शेजारी खांब होता. तो आला, चष्मा लावलेला. तिसऱ्या रांगेतल्या आमच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसला. दुसरी रिकामीच. मग दिवे गेले.

सिनेमा एका इस्त्रीवालीचा होता. एक माणूस दर आठवड्याला तिच्याकडे एकच सदरा घेऊन येतो. मी ओळी वाचत होते, ओठ मिटून, मनातल्या मनात. इतक्या शनिवारांनंतर ते वाचन मुकं झालं होतं. ओळ आली, गेली. ओळ आली, गेली. सिनेमा कळत होता सगळा. दिसत मात्र काही नव्हतं.

मध्यंतरात दिवे लागले आणि तो समोर उभा. हातात चहाचे दोन कप. चष्म्यावर वाफ.

"काय हो, खांब काय काय वाचून दाखवतोय?"

"तुम्हाला आता दिसतं ना," मी कपाकडे बघत म्हटलं. "वाचा की तुमचं तुम्ही."

"वाचलं. शब्दन् शब्द वाचला. पहिल्यांदाच सगळी गोष्ट बरोबर कळली." तो शेजारी टेकला. "आणि काडीचीही मजा आली नाही. सारखी मान खाली! तिचा चेहरा मी एकदाही धड बघितला नाही. तुम्ही दर शनिवारी असाच सिनेमा बघत होता?"

"दर शनिवारी."

"म्हणजे महिनाभर मी फुकट चेहरे बघितले, आणि खालच्या ओळींची हमाली तुम्ही केलीत." तो खरोखरच ओशाळला. "चला. तिसऱ्या रांगेत चला. आता मी वाचतो, तुम्ही बघा."

"आणि त्या दिवशी काही न बोलता निघून गेलात ते?"

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "तुम्हाला मी फक्त जवळून पाहिलं होतं, तेही बहुतेक अंधारात. एकदम उजेडात, एवढ्या लांबून... अख्ख्या दिसलात. आणि घाबरलेल्या दिसलात. चेहरा वाचता येतो मला, तेवढं एकच येतं. तो चेहरा म्हणत होता की चष्मा तुम्ही का ठेवून घेतला होता. मला वाटलं, मी चुकीचं वाचत असेन. माझी ख्याती तुम्हाला ठाऊकच आहे. धाकट्या भावाला मी जिवंतपणी मारलंय."

मी उठले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

दिवे गेले. माझ्या कानाशी त्याचा आवाज आला, थोडा घोगरा, वाचणारा. आणि मी मान वर केली.

अगं बाई... काय सांगू! इस्त्रीवालीच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता, भुवईशी येऊन अडलेला. सदरा उलगडताना ती त्याच्या कॉलरवरून अंगठा फिरवत होती, इतर कुणाच्या कपड्याला फिरवत नव्हती तसा. वाफ वर चढायची आणि तिचा चेहरा पुसट व्हायचा, पुन्हा उजळायचा. ही सगळी माणसं इतकी वर्षं माझ्यापुढे जगत होती, आणि मी त्यांना तारे देत बसले होते.

"ती म्हणते, सदरा चांगलाच आहे, इस्त्रीची गरज नव्हती," तो कुजबुजला.

"हं."

"तो म्हणतो, सदऱ्याला नव्हती."

"हं..."

"तो म्हणतो, मला बोलता येत नाही नीट. दुसऱ्याचे दात बसवता बसवता माझेच शब्द तोंडात अडकतात."

मी पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर नुसती इस्त्री होती. एकटी इस्त्री, धूर सोडणारी. माणूस कुणीच नव्हता.

"हे खाली लिहिलंय?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तू बघ ना समोर. वाचायचं काम माझं आहे." त्याचा श्वास माझ्या कानाशी अडखळला. "तो म्हणतो, यादीतले सगळे राहिलेले, आणि यादीत नसलेलेही, मला तुझ्याशेजारी बसून बघायचेत. एक तू वाच, एक मी वाचीन. चालेल का... असं तो विचारतो."

मागून बाईंचा आवाज आला, "तिसरी रांग! एकतर सगळ्यांना ऐकू येईल असं वाचा, नाहीतर गप्प बसा!"

तो गप्प बसला. मला मात्र आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी वळले, चष्म्याच्या काठाआडून त्याच्या कानाशी गेले. हात शोधला, तो आधीच माझ्या खुर्चीच्या दांडीवर येऊन थांबला होता.

"ती म्हणते, हो," मी म्हटलं. "ती म्हणते, मोठ्यानं सांगायलाही तिची हरकत नाही."

आणि सांगितलंच मी. सगळ्या रांगांना ऐकू गेलं. कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी "श्श!" केलं, आणि बाई म्हणाल्या, "बरं झालं. आता सिनेमा बघू द्या."