एक जोडणी बाकी

डोंगरातल्या मानिसालेस शहरात सर्किट बोर्ड आखणारे चारपाच जण असतील, पण नोएलिया आर्बेलाएसबाईंच्या मते आखता येणारी एकच होती. खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं. बावीस वर्षं, एकशे चाळीस बोर्ड आणि चूक एक नाही! पाहुण्याच्या हाती कॉफी देण्याआधीच त्या हे ऐकवायच्या.

बोर्ड आखायचा प्रोग्राम त्यांनी नऊ वर्षं बदलला नव्हता. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणायच्या. पण गेल्या आठवड्यात जुन्या मॅक संगणकाने मान टाकली आणि नव्या मॅकने जुन्या प्रोग्रामला दारातही उभं केलं नाही. झक मारत अपग्रेड करावं लागलं.

वेळही नेमकी नको ती. सरकारी इस्पितळात अपुऱ्या दिवसांची अकरा बाळं होती आणि श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रं फक्त चार. बाईंचा नवा बोर्ड त्यासाठीच होता. बाळाच्या छातीला पट्टा बांधायचा. प्रत्येक श्वासाला हिरवा दिवा लुकलुकणार, आणि पंधरा सेकंद श्वास थांबला की भोंगा. आराखडा आज तीनपर्यंत कारखान्यात पोचला नाही तर पुढचा नंबर महिनाभराने लागणार होता.

एक वाजता नवा प्रोग्राम सुरू झाला. जुनी फाइल उघडताना त्याने विचारलं, फाइल नव्या रूपात बदलेल, मागे फिरता येणार नाही, चालेल? बाईंनी 'चालेल' दाबलं. मग तपासणी लावली आणि शून्य चुका बघायला ऐटीत मागे रेलल्या.

पडद्यावर आलं : जोडणी बाकी, १.

"घ्या!" शेजारच्या टेबलावर नमुन्याच्या बोर्डाला डाग देत बसलेला मदतनीस वेइमार खदखदून हसला. चौदा वर्षं तो बाईंकडे होता, त्यामुळे जीभ सुटलेली. "नव्या सुनेने पहिल्याच दिवशी सासूची चूक काढली की, बाई!"

"सुनेला म्हणावं आधी चूल पेटवून दाखव."

दोन टोकं जोडायची राहिली की प्रोग्राम त्यांच्यामध्ये केसाएवढी पिवळी रेघ दाखवतो. तांब्याची वाट आखली की रेघ जाते. ही रेघ पट्ट्याची तार लागते त्या टोकापासून निघाली होती. पण दुसरं टोक बोर्डावर कुठेच नव्हतं. रेघ बोर्डाच्या कडेवरून बाहेर गेली होती.

बाईंनी चित्र लहान केलं. बोर्ड तिकिटाएवढा झाला, मग मोहरीएवढा. रेघ चाललीच होती. शेवटी तिच्या टोकाला एक बारीक गोल ठिपका दिसला. त्याला नाव नव्हतं. लांबी लिहिली होती : २१४ मीटर.

"काहीतरीच!" म्हणून त्यांनी रेघ पुसली. पुन्हा तपासणी. बाकी एकच, पण आता १६३ मीटर.

वेइमार उठून त्यांच्या पाठीशी आला. "कमी झाली?"

"फाइल बदलताना आकडे घसरले असतील," बाई म्हणाल्या. त्यांनी जुना छापील आराखडा काढून एकूण एक टोक बोटाने ताडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. आपल्या हातच्या त्या रेषा बघून त्यांना अशाही वेळी बरं वाटलं. काय देखणा बोर्ड होता!

तिसऱ्या तपासणीला ८८ मीटर.

दरीतून धुकं वर चढत होतं. मानिसालेसमध्ये ते रोजचंच. पण गल्लीच्या पायऱ्यांवर एरवी दिवसभर भुंकणारी कुत्री गप्प झाली होती. गावामागच्या ज्वालामुखीकडून वारा नसतानाही गंधकाचा वास खोलीत येत होता.

"बाई, तिथे 'दुर्लक्ष करा' असं बटण आहे. दाबा आणि पाठवून द्या. जग करतं तसं."

"जग करतं. नोएलिया आर्बेलाएस करत नाही."

"मग मॅक तरी बंद करा. माझ्या अंगावर काटा आलाय हो!"

"तीनला वीस मिनिटं आहेत, वेइमार. अकरा पोरं आहेत तिथे. माझा बोर्ड शून्यावर जाईल, तेव्हाच मी उठेन."

३१ मीटर.

खिडकीबाहेर समोरचं घर दिसेनासं झालं.

९ मीटर.

वेइमारने जाऊन दाराची कडी तपासली. ती लागलेली होती.

४ मीटर.

बाईंच्या मानेवर गार हवा लागली. त्यांनी मागे पाहिलं नाही. तपासणीचं बटण पुन्हा दाबलं.

जोडणी बाकी : ०.

पिवळी रेघ नव्हती. तीनला पाच मिनिटं कमी असताना फाइल कारखान्याकडे गेली, आणि पोचल्याचा निरोपही आला. बाई ताठ उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "एकशे एक्केचाळीस! बघितलंस? शून्य म्हणजे शून्य."

"मानलं, बाई," वेइमार म्हणाला; पण तो आपल्या टेबलाकडे बघत होता.

नमुन्याचा बोर्ड तिथे बॅटरीला लावलेला होता. पट्टा अजून जोडलाच नव्हता. हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. सावकाश, एका लयीत.

बाई जवळ जाऊन वाकल्या आणि हसल्या. "माझाच श्वास ऐकतोय लबाड. पट्ट्याशिवाय! काय कान केलेत मी याला!"

खात्री करायला त्यांनी श्वास रोखून धरला. मनात मोजू लागल्या. दहा. पंधरा. वीस.

भोंगा वाजला नाही. दिवा त्याच लयीत लुकलुकत राहिला.

त्यांनी वेइमारकडे पाहिलं. त्याने केव्हापासूनच दोन्ही हातांनी नाकतोंड घट्ट दाबून धरलं होतं.