गुडघ्यावरचा हात

ही गोष्ट खरी आहे. आयुष्यभर लोकांना हसवायचं लिहून पोट भरलं, त्यामुळे मी "खरं सांगतो" म्हटलं की ऐकणारे आधीच दात काढतात. काढू द्या. मी आता थकलोय, आणि खोटं रचायला फार मेहनत लागते.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. कुत्री रडत नव्हती.

मंगळवारची सकाळ होती, दवाखान्याचा दुसरा मजला होता आणि आम्ही दोघे भाऊ उपाशीपोटी बसलो होतो. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा.

पासष्टी ओलांडलेल्या पुरुषांच्या पोटाची सोनोग्राफी चालू होती. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. म्हातारपणी ती कधी कधी फुग्यासारखी फुगते. दुखत नाही, खुपत नाही.

आणि एक दिवस फुटते. संपलं.

दादा यायला तयार नव्हता. शेवटी वहिनींनी मला दम भरला. "भावोजी, यांना आत पोचवल्याशिवाय घरी येऊ नका. दोघांनाही जेवण मिळणार नाही."

दादाचं एकच पालुपद. "मला काही होत नाही."

आमच्या वडिलांना, अप्पांनाही काही होत नव्हतं. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. एका दुपारी म्हणाले, पाठ भरून आलीय, जरा पडतो. पडले ते पडलेच. तेव्हा सगळ्यांनी हृदयावर ढकललं. हृदय बिचारं उलटून बोलत नाही.

अप्पांची एक सवय इथेच सांगून ठेवतो. लहानपणी कडू औषध आलं की दादा पळायचा. अप्पा त्याच्या मागे धावत नसत. आधी मला बसवायचे, माझा गुडघा हाताने दाबून धरायचे आणि चमचा तोंडात. धाकट्याने घेतलं म्हटल्यावर थोरला लाजेकाजेस्तव यायचा. नाहीच आला, तर मग त्याचाही गुडघा.

पळायचा तो, धरला जायचो मी. त्याची इतकी सवय झाली की पुढे लग्नातही मला काही वेगळं वाटलं नाही.

तर, आमचा नंबर आला.

"बाळ, तू हो पुढे," दादा म्हणाला. सत्तरीला टेकलो तरी मी बाळच. "मी पाणी पिऊन आलो."

"पाणी इथेच आहे की."

"इथलं फार गार आहे."

तो जिन्याकडे वळला तेव्हाच कळलं. गडी पळाला.

आत अंधार होता. स्क्रीन नीट दिसावा म्हणून पडदे ओढलेले. सोनोग्राफीवाल्या बाई सकाळपासून म्हाताऱ्यांची पोटं बघून पार दमलेल्या.

"शर्ट वर घ्या. पाय दुमडा. पोट सैल सोडा."

"बाई, पोट सैल सोडायला मला कधीच कष्ट पडले नाहीत."

त्या हसल्या नाहीत. हा विनोद त्यांनी सकाळपासून प्रत्येक म्हाताऱ्याकडून ऐकला असणार.

पोटावर गारेगार जेल पडलं. बाईंनी एका हाताने प्रोब दाबला, दुसऱ्या हाताने मशीनची बटणं.

आणि...

माझ्या गुडघ्यावर एक हात आला.

उबदार. जड. अंगठा आतल्या बाजूला, बोटं बाहेर.

मी बाईंचे हात पाहिले. एक पोटावर. एक मशीनवर. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मग वास आला... रॉकेलचा. खिळे धुतल्यावर अप्पांच्या हातांना यायचा, तसा.

"हलू नका, काका."

"मी कुठे हलतोय? मला धरलंय."

"काय?"

"काही नाही."

"तुमची रक्तवाहिनी छान आहे. दोन सेंटीमीटरसुद्धा नाही." बाईंनी पोट पुसायला कागद दिला आणि प्रोब खुंटीला अडकवला.

गुडघ्यावरचा हात उचलला गेला.

पण...

स्क्रीनवरचं चित्र गेलं नाही.

प्रोब खुंटीला. माझं पोट कोरडं. आणि स्क्रीनवर लिंबाएवढा काळा गोल फुगत होता, आक्रसत होता. एका कडेला टेंगूळ. आवाज अजिबात नाही.

बाईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"मशीन अडकलंय," त्या म्हणाल्या.

"अडकलेलं चित्र हलतं?"

त्यांनी खुंटीवरचा प्रोब चाचपून पाहिला. मग अगदी हळू म्हणाल्या, "हे कुणाचं आहे?"

स्क्रीन करडा झाला.

मी शर्टाची बटणं न लावताच जिना उतरलो.

दादा खाली, दारालगतच्या बाकावर बसला होता. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर. चेहरा रागाने लाल.

"बाळ, उठव रे मला. मघापासून उठताच येईना. हा गुडघा कुणीतरी..."

तो थांबला. आम्ही दोघांनी खाली पाहिलं.

पँटचं कापड गुडघ्यावर दबलेलं होतं. बोटांच्या जागी. अंगठ्याच्या जागी.

"मी घेतलं, दादा," मी म्हणालो. हे तोंडून का निघालं, मला माहीत नाही. "आता तू."

कापड सैल झालं.

दादा उठला. माझ्या खांद्यावर हात टाकून जिना चढला.

वर बाईंनी प्रोब टेकवला. तोच काळा गोल. कडेला तेच टेंगूळ. सहा सेंटीमीटरच्या वर.

बाई स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मग सपाट आवाजात दादाला म्हणाल्या, "काका, उठू नका. मी डॉक्टरांना बोलावते."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. दादा वाचला. शुद्धीवर येताच दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली, तेव्हा वहिनी पहिल्यांदा रडल्या.

डॉक्टरांनी आमचे वडील कशाने गेले, ते विचारलं. मी अप्पांच्या पाठीचं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "मग हे घराण्यात असू शकतं. मुलांनीही तपासून घ्यायला हवं."

निघताना बाई भेटल्या. मशीन तपासून घेतलं होतं म्हणे. काही बिघाड नव्हता.

"काका," त्या म्हणाल्या, "मी आता कोपऱ्यात एक छोटा दिवा लावून ठेवते. स्क्रीन जरा फिका दिसतो. पण लावते."

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. या वयात बसलं की पाठ धरते.

आज सकाळी खुर्चीत पेपर वाचत होतो. आणि...

गुडघ्यावर हात आला.

रॉकेलचा वास.

"अप्पा, आता काय?" मी विचारलं. "माझं छान आहे. दादाचं झालं."

हात तसाच.

मग आठवलं. मला धरायचे, ते कुणीतरी पळालं की.

दादाच्या मुलाला फोन लावला. पन्नाशीचा घोडा, धुरांड्यासारखा सिगारेटी ओढतो. तपासणीचा विषय काढला की त्याला हमखास मीटिंग असते.

"काका, तुम्ही पण ना!" तो हसला. "मला काही होत नाही."

हुबेहूब दादाचा आवाज.

फोन ठेवला. त्याच्याकडे स्वतःच जावं म्हणून उठायला गेलो.

उठता येईना.