एकशे दहावरचा काटा

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मापनयंत्रं सांभाळली की माणसांवरचा विश्वास कमी होतो, आणि यंत्रांवरचा त्याहून कमी. कुठलाही काटा वाचण्याआधी काचेवर नखानं टिचकी मारायची ही माझी सवय. अडकलेला काटा सुटतो आणि खरं बोलू लागतो. माणसांसाठी अशी सोय नाही.

माझा थोरला मेहुणा मला चारचौघांत ‘जावईबापू’ म्हणायचा. त्यातला ‘बापू’ असा लांबवायचा की जेवणारे हसायचे. हवेची टाकी पाठीवर बांधून समुद्रात उतरण्याचा छंद मूळ माझा. त्यानं तो सहा महिन्यांत उचलला आणि मलाच शिकवू लागला.

“जावईबापू, श्वास घेता की भाता चालवता? कायम तुमचीच हवा आधी संपते.”

त्या रात्रीच्या बुडीला तो टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा आपला मापक घरी विसरला. माझ्याकडे जादा होता. त्याचा काटा एकशे दहावर अडकायचा. टिचकी मारली की खाली यायचा. मी तो जोडून दिला. टिचकीचं सांगितलं नाही. त्यानं एकदा घाबरून माझ्याकडे हवा मागावी आणि पुढची वीस वर्षं मी ते जेवताना सांगावं, इतकाच बेत.

“दादाला नीट परत आणा,” बायको निघताना म्हणाली. “त्याला वाटतं तो मासा आहे.”

अठरा मीटर खाली अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे आठवावं लागतं. तबकडीवर टॉर्च धरला की आकडे हिरवे पेटतात आणि टॉर्च हटवल्यावरही थोडा वेळ तेवत राहतात. माझा काटा ऐंशीवर होता. मेहुण्यानं आपला माझ्या नाकासमोर धरला. एकशे दहा. मुखवट्याआड तो हसला आणि त्या आकड्याच्या भरवशावर दुप्पट हातपाय मारत सुटला. दहा मिनिटांनी पुन्हा दाखवला. एकशे दहा.

मग तो गळ्यावर आडवा हात फिरवत आला. हवा संपल्याची खूण. माझी श्वासाची जादा नळी छातीशीच होती. त्यानं झडप घातली. मी त्याला हातभर लांब धरलं. त्या क्षणाची जरा चव घेतली. घड्याळात नऊ सेकंद.

दहाव्या सेकंदाला तिथे फक्त त्याचा टॉर्च होता. पेटलेला, खाली खाली जाणारा.

तो दोन दिवसांनी सापडला. चौकशीत मापक दहादा तपासला. दहाही वेळा अचूक निघाला. बायकोनं तो बैठकीच्या खोलीत भावाच्या फोटोशेजारी टांगला. नळी कापलेली, टाकी नाही, म्हणजे काटा शून्यावर हवा. तो एकशे दहावर होता.

“एवढी हवा होती की त्याच्यात,” ती म्हणाली. “मग कसा गेला हो?”

पहिली टिचकी मी एका रविवारी दुपारी ऐकली. घरात मी एकटाच होतो. काटा शंभरवर आला आणि चार जिने चढल्यासारखा मला दम लागला. मग नव्वद. मग ऐंशी. पडदे ओढले की तबकडी हिरवी तेवायची, कुणी नुकताच टॉर्च धरून गेल्यासारखी.

“फुप्फुसं घोड्याची आहेत,” डॉक्टर म्हणाले. “वजन तेवढं कमी करा.”

मी मापक पुलावरून नदीत टाकला. घरी आलो तर तो खिळ्यावर होता. ओला. आणि दहानं उतरलेला.

आज सकाळी काटा दहावर होता. मी खुर्चीत बसून श्वास पुरवून पुरवून घेत होतो.

बायको फडकं घेऊन आली. काच पुसली. वाकून आकडा वाचला.

“हात लावू नकोस.”

“अहो, अडकलाय तो. टिचकी मारल्याशिवाय खरं सांगत नाही.”

हे मी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं?”

“दादानं.”

“कधी?”

“आत्ता.”

तिनं बोट उचललं. नखात ओली वाळू होती.