वखारीची कडी

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो सुजित माझा मावसभाऊ, आणि त्याला साधी थाप मारायची म्हटली तरी आधी कान लाल होतात. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. चिखली सोडून चाकणकडं निघालात की लागतं, एवढं पुरे.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार होता.

आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी. पत्रा ठोकणारे प्रेस बंद, भोंगे बंद, कंटेनर रस्त्याच्या कडेला उभे. बाहेरच्या माणसाला ही शांतता बरी वाटते. आम्हाला ती कानाला बोचते.

सुजितचे वडील तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं आजोबांनी, म्हणजे आबाजींनी. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. सुजितच्या लेखी देव एकीकडं आणि आबा एकीकडं. त्यातही देवाचा नंबर दुसरा.

आबांच्या दोन गोष्टी गावात प्रसिद्ध होत्या.

एक म्हणजे त्यांचा उजवा तळहात. त्यावर भाजल्याचा आडवा वण होता, बोटभर रुंद. भावाला वाचवायला गेले तेव्हाचा.

दुसरी म्हणजे त्यांची दारं. आबांच्या घरातल्या एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. नवा बंगला बांधला तेव्हा सुतारानं न विचारता कड्या बसवल्या, तर आबांनी त्या उभ्या उभ्या काढायला लावल्या. लोक कौतुकानं म्हणायचे, आबाजींचं दार कुणाला बंद नाही. सुजित हे ऐकून फुशारायचा. मीसुद्धा पाहुण्यांना सांगायचो, खोटं कशाला बोलू.

आता तो भाऊ कोण, ते सांगतो.

गावाबाहेर एक रान आहे. त्याला सगळे 'वखार' म्हणतात. शाळेतली पोरं निबंधात लिहायची की आमच्या गावात इंग्रजांची वखार होती, आणि मास्तर वर शेरा मारायचे, 'छान माहिती'. इंग्रज त्या रानात कधी फिरकलासुद्धा नव्हता. साठेक वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीनं तिथं खोटी वखार उभी केली होती. बांबू, गोणपाट आणि वरून चुन्याचा गिलावा. गावातल्या तरण्या पोरांना कामं दिली. आबांना आणि त्यांचा चुलतभाऊ ज्योतीराम याला जरा मोठी कामं मिळाली.

दोघं एका ताटात जेवणारे. ज्योतीराम दिसायला देखणा, म्हणून तो झाला वखारीचा पहारेकरी, पोटासाठी साहेबाकडं राबणारा आणि मनातून गावाचा. आबा झाले फितूर.

"त्वांड बघून काम दिलं म्हनं," असं आबा सांगायचे आणि सगळे हसायचे.

शेवटच्या सीनमध्ये फितूर पहारेकऱ्याला आत कोंडतो आणि वखार पेटते. ठरलं होतं असं की आबांनी कॅमेऱ्यासमोर पुढच्या दाराला कडी घालायची, पळत मागं जायचं आणि मागच्या दाराची कडी काढून ज्योतीरामला बाहेर घ्यायचं. पण वारा फिरला. गोणपाट भडकलं. आबा कडीशी झुंजले, हात भाजून घेतला, पण उशीर झाला. ज्योतीराम आतच गेला. कंपनी सामान गुंडाळून पळाली आणि तो पिक्चर कुणी कधी पाहिला नाही.

निदान गावाला एवढंच माहीत होतं.

सुजितच्या कंपनीत रणजीत नावाचा एकजण आहे. राहायला वाकडला. त्याला जुन्या पिक्चरचं वेड, आणि तेही एकाच जातीच्या. सरहद्दीवरचा किल्ला, नदीकाठची वखार, टोपीवाला साहेब आणि लांबून येणारे ढोल. ढोल वाजताहेत तोवर साहेब निवांत पीत बसतो, ढोल थांबले की घाबरतो. शेवटी दार फोडायची वेळ येतच नाही, आतलाच कुणीतरी ते उघडतो. दर गुरुवारी दुपारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पडदे ओढून रणजीत हे पिक्चर दाखवतो.

सुजितनं एकदा आबांना नेलं होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ह्यात आपल्यासारखी मानसं निस्ती मरायलाच आनत्यात व्हय रं?"

हे ऐकून रणजीतनं त्यांना वखारीच्या पिक्चरचं सगळं विचारून घेतलं, आणि पठ्ठ्यानं कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून तो अर्धवट पिक्चर शोधून काढला. गंजलेला एक डबा. चित्र वाचलं होतं. आवाज पार गेला होता.

रणजीत म्हणाला, आवाज आबाच देतील.

तर त्या गुरुवारी आबा धुतलेलं धोतर, नवा फेटा अशा थाटात पहिल्या रांगेत बसले. हातात माईक. मुका पिक्चर सुरू झाला आणि आबा प्रत्येकाचं बोलणं म्हणू लागले. साहेबाचं तोडकं मराठी, पाटलाची गुरगुर, सगळं त्यांना पाठ होतं. लोक खूश झाले.

मग पडद्यावर ज्योतीराम आला.

हातात भाला, डोळ्यांत हसू. आबांनी त्याचंही बोलणं म्हटलं.

शेवटचा सीन आला. तरणा आबा वखारीचं पुढचं दार ओढतो, कडी घालतो, कॅमेऱ्याकडं बघून हसतो.

"हितं मी कडी घालतो," आबा माईकवर म्हणाले, "आन् मग…"



टक… टक… टक.

सुजितला वाटलं, माईकला बोट लागलं असेल. त्यानं बघितलं. माईक आबांच्या मांडीवर आडवा पडला होता. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते.

पडद्यावर अंधार झाला होता. त्या अंधारात एक उभी फट, आणि फटीतून उजेड.

सुजितला आधी काही उमगेना. मग कळलं. हे चित्र आतून घेतलेलं होतं. बंद वखारीच्या आतून, मागच्या दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून.

फटीपलीकडं तरणा आबा उभा होता.

हात कडीवर.

हात हलत नव्हता.

त्यानं मागं वळून बघितलं, कुणी येतंय का. परत दाराकडं बघितलं. चित्राच्या कडेनं धूर आत येऊ लागला. चित्र हलायला लागलं, धरणाऱ्याला खोकल्याची उबळ आल्यासारखं. आणि आबा तसाच उभा.

तेवढ्यात स्पीकरमधून अगदी हळू आवाज आला…

"आब्या… कडी काढ."

आबांना आब्या म्हणणारं माणूस आता गावात कुणी उरलेलं नाही.

दिवे लागले. टाळ्या वाजत होत्या. रणजीत हात जोडून सांगत होता की माफ करा, पुढची फिल्म खराब आहे, पुढचं दार लागतं तिथंच संपलं. एक बाई आबांसोबत सेल्फी काढायला आल्या. धोतर ओलं होऊन आबांच्या पायाखाली पाणी साचलं होतं. त्यांना ते कळलंही नव्हतं.

परतीच्या वाटेवर रस्ते ओस होते. सुजित गाडी चालवत होता.

मग सुजित म्हणाला, "कडी तापायला वेळ लागतो, आबा."

आबांनी उजवी मूठ मिटली.

"त्याला कोल्हापूरला न्हेनार व्हते," ते म्हणाले. "हिरो करनार व्हते. मला न्हाई. मी म्हनलं, थोडं भाजू दे. त्वांड थोडं भाजलं की कोन न्हेतंय? थोडंच, बाळा. मारायचं मनात न्हवतं."

सुजितनं गाडी बाजूला घेतली आणि तो खाली उतरला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण त्या दांड्याला धरूनच आपण चालायला शिकलो असलो, तर काय करायचं? ज्या वणावर सुजितनं लहानपणी ओठ टेकवले होते, तो वण मुद्दाम केलेल्या उशिराचा होता. ज्या दारांवर तो मिरवला, ती दारं भीतीची होती. सुजितला फसवलं होतं ते साठ वर्षांपूर्वीच्या आब्यानं नव्हे, रोज रात्री गोष्ट सांगून झोपवणाऱ्या आबांनी. त्याला हेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रणजीतकडून ती फिल्म मागून घेतली. पुढचं दार लागतं, आबा हसतो आणि मग नुसता पांढरा पडदा. फटीतलं चित्र नव्हतंच. रणजीत म्हणाला, आतून कोण घेईल भावा? आत कॅमेरा ठेवला तर जळेल की.

सुजितनं बायकोला, स्नेहलला, काहीच सांगितलं नाही. फक्त आबांशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच ओट्यावर चहा आणि बोलणं नाही. आबा त्याच्या ताटाकडं बघत बसायचे. तो ताट घेऊन उठायचा.

मधे एकदा आबा स्वतःहून त्याच्या खोलीशी आले. म्हणाले, "माझ्या खोलीचं दार काढून ठेव, बाळा. बिजागऱ्या काढ. मला दार नगं."

सुजित त्यांच्याकडं न बघता म्हणाला, ओव्हरटाइम आहे. गुरुवारी बघू.

दार तसंच राहिलं.

पुढचा गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला, त्यामुळे स्नेहलनं घट मांडला होता. दिवेलागणीला लक्ष्मी येते म्हणून घरातली सगळी दारं सताड उघडी. उंबऱ्याशी रांगोळी. कंपन्या बंद. कुठून कसला आवाज नाही.

लाइट गेली.

स्नेहल देवापाशी पोथी वाचत होती. समईच्या उजेडात तिचा तेवढा चेहरा दिसत होता. सुजित घरातल्या बोळातून येत होता आणि थांबला.

आबांच्या खोलीचं दार लागलेलं होतं.

टक… टक… टक.

"सुजित…" आतून आवाज आला. "कडी काढ, बाळा."

सुजित म्हणाला, "कडी नाहीये आबा. ढकला आतून."

"न्हाई निघत." मग खोकला. "धूर व्हतोय रं."

सुजितनं अंधारात हात पुढं केला.

आणि हाताला लोखंड लागलं…

जाड. खरबरीत. गार. जुन्या घडणीची कडी, कोयंड्यात बसलेली. वर उचलायची, एवढंच काम होतं.

त्यानं उचलली नाही.

का, ते तो मला नीट सांगू शकला नाही. म्हणाला, मनात एकच आलं. कळू दे. त्यांनाही थोडं कळू दे, आत कसं वाटतं ते.

आत ठोकत होते. आधी मुठीनं, मग तळव्यानं. मग नखांचा आवाज आला.

सुजितच्या शेजारी कुणीतरी उभं होतं. त्यानं वळून बघितलं नाही. जळक्या गोणपाटाचा वास मात्र त्याला आला.

कडी कोमट लागायला लागली…

मग गरम…

लाइट आली. आतला आवाज थांबला होता. सुजितचा हात साध्या, पॉलिश केलेल्या फळीवर सपाट टेकला होता. कडी नव्हती. कोयंडा नव्हता. त्यानं दार ओढलं तर आतून दाराला टेकलेले आबा त्याच्या पायांवर कलंडले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं. खोलीत धुराचा काही माग नव्हता. आबांची नखं मात्र तुटलेली होती, आणि दाराला आतून एक ओरखडाही नव्हता.

तेराव्याला मी गेलो. स्नेहलनं मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना काही झालंय का. ती म्हणाली, हे सारखं विचारतात ठोकलेलं ऐकलंस का, पण मला तसला आवाजच आला नाही, मी नुसतं ह्यांना अंधुक पाहिलं. आबांच्या दारावर हात ठेवून उभे होते. मी दोनदा हाक मारली. दाराला टेकले नव्हते भाऊजी, दार दाबून धरलं होतं.

सुजित पडवीत बसला होता. आबांच्या खोलीचं दार त्यानं बिजागऱ्यांसकट काढलं होतं आणि भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सगळं त्यानं मला तिथंच सांगितलं, हळू आवाजात, उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून. पाणी प्यायलाही त्यानं तो बाहेर काढला नाही.

मी ऐकून घेतलं. शेवटी विचारू नये ते विचारलं.

"किती वेळ थांबला होतास रे?"

तो त्या दाराकडं बघत होता. त्या दारामागं आता फक्त भिंत आहे. तरी तो कान देऊन बसल्यासारखा बसला होता, आणि खरं सांगतो, मलाही वाटलं की तिथून काहीतरी…

"थोडंच," सुजित म्हणाला.