मागं कोण?

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा ऐकून उठून जाणारा माणूस आहे मी. पण सुयश माझा सख्खा मामेभाऊ. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे आमच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. हा प्रसंग त्यानं मला तीनदा सांगितला. तिन्ही वेळा मी त्याच्या कानांकडंच बघत होतो.

ते लाल झाले नाहीत.

तारीख १४ मे २०१६. शनिवार. ठिकाण, पडेगावच्या मागचे डोंगर, दौलताबादच्या अंगाला.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही नशिबात असेल तर. पण शहर काही वाढायचं थांबलं नव्हतं. प्लॉटिंगचे रंगवलेले दगड थेट डोंगराच्या पायथ्याला जाऊन भिडले होते. वर जंगल म्हणजे नुसत्या सागाच्या काटक्या उरल्या होत्या.

सुयश शेंद्र्याला एका कंपनीत इंजिनिअर. शनिवार-रविवार आला की सहा जणांची टोळी डोंगरात सायकली घेऊन जायची. हौस भारी. दगडधोंड्यांतून, एकामागं एकच सायकल जाईल अशा पायवाटेनं सुसाट उतरायचं. वाट वळणावळणाची, पुढचा मागच्याला दिसत नाही. म्हणून त्यांनी एक नियम केला होता.

सगळ्यात मागच्यानं प्रत्येक वळणावर ओरडायचं, "शेवटचा!"

ते ऐकलं की पुढं थांबलेले समजायचे, मागं कुणी राहिलं नाही. निघायचे.

हे काम कायम सुयशचं.

त्या दिवशी त्याची धाकटी बहीण वैदेही पहिल्यांदाच बरोबर आली होती. मामी काही केल्या तयार होत नव्हती. शेवटी म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय. जशी नेतोयस तशी आण."

"अगं, मी तिच्या मागंच असणार," सुयश म्हणाला.

वर चढून गेल्यावर एक झिरा आहे. खडकाच्या कपारीतून पाणी झिरपतं, तेवढंच. त्या वर्षी ते इतकं कमी झालं होतं की वाटीनं उपसावं लागायचं. तिथं मुक्ताबाई बसलेली होती. पायथ्याच्या वस्तीवरची, साठीची म्हातारी. टोळीला ती दर वेळी तिथंच दिसायची, घागरीत वाटी-वाटी ओतताना.

थोडा दम खाऊन सगळे उतरायला लागले. वैदेही सहावी... सुयश तिच्या मागं, सातवा.

"मागं कोन हाय का रं बाबा?" मुक्ताबाईनं विचारलं.

"नाही आजी. मीच शेवटचा."

तिचा वाटीचा हात थांबला.

"असं म्हनू नाय इथं. हायेत मागं, असं म्हनावं."

"पण नाहीये ना कुणी."

"नसलं तरी म्हनावं."

सुयश हसला आणि निघाला. तेवढ्यात वैदेही वळणाआड गेली होती.

पहिलं वळण. सुयश ओरडला, "शेवटचा!"

खालून मंदारचा आवाज आला, "चलो रे!" मंदार म्हणजे टोळीचा म्होरक्या.

आणि मग...

मागून, बारीक आवाजात...

"मी हाय की मागं..."

सुयशला वाटलं, म्हातारी टवाळी करतेय. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्या उतारावर मान वळवली की माणूस तोंडावर आपटतो.

दुसरं वळण. "शेवटचा!"

"मी हाय की मागं..."

आवाज तेवढ्याच अंतरावरून आला. सुयश केवढा खाली आला होता, आणि भरली घागर घेतलेली म्हातारी त्याच्या मागं तेवढ्याच अंतरावर?

तिसऱ्या वळणावर तो मुद्दाम जोरात ओरडला. "शेवटचा!"

या वेळी कुणी काही बोललं नाही.

खाली प्लॉटिंगच्या फाटकाशी सगळे पाणी पीत उभे होते. सुयश उतरला. मंदारनं त्याच्या मागं पाहिलं.

"वैदेही कुठंय?"

"पुढं होती ना?"

"क्या बावा, तूच शेवटचा म्हणून ओरडलास! म्हणून तर आम्ही निघालो."



सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वर मोबाईलला रेंज नव्हती. मंदार टॉर्च आणायला गाडीकडं पळाला. सुयश थांबलाच नाही. सायकल टाकली आणि आल्या वाटेनं वर धावत सुटला.

दुसऱ्या वळणाच्या वर, घाणेरीच्या झुडपांमागं तिची सायकल सापडली. नीट उभी केलेली. हँडलला हेल्मेट अडकवलेलं.

वैदेही नव्हती.

"वैदू!"

काहीच नाही.

"वैदूऽऽ!"

"मी हाय की मागं..."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो झटकन मागं वळला...

वाट रिकामी होती.

तो चार पावलं खाली धावला. तर आवाज वरून आला. तोच. तेवढ्याच अंतरावरून.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हाय.

वैदेही शहरात, समर्थनगरात जन्मली, तिथंच वाढली. ती 'आहे' म्हणते. जन्मात कधी 'हाय' म्हणाली नाही.

आता कुठं त्याच्या लक्षात आलं, की मघापासून टिटवी ओरडत होती, ती गप्प झालीय. रातकिडेसुद्धा गप्प. नुसता त्याचा स्वतःचा श्वास.

पळून खाली यावं असं त्याला वाटलं. हे त्यानं माझ्यापाशी कबूल केलं, आणि मला त्यात काही लाजण्यासारखं वाटत नाही. पण खाली जाऊन मामीला काय तोंड दाखवणार होता? तो वरच चढत राहिला.

झिऱ्यापाशी मुक्ताबाई नव्हती. वस्तीकडं उतरायची तिची वाट वेगळी, ती केव्हाच गेली होती.

झिऱ्याच्या काठी वैदेही बसली होती. त्याच्याकडं पाठ. उजवा हात जरासा बाजूला उचललेला...

कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

वळून न बघता ती म्हणाली, "दादा, तू शेवटचा म्हणालास."

"चुकलो गं. चुकलो."

"माझी चेन पडली होती. झुडपामागं बसून लावत होते. तू समोरून गेलास. मी हाका मारत होते, आणि तू शेवटचा म्हणत होतास."

सुयश रडायलाच लागला. त्यानं तिचा डावा हात घट्ट धरला आणि तिला उठवलं. दोघं चालत निघाले. 

अर्ध्या वाटेवर खालून टॉर्चचा उजेड दिसला. मंदार सवयीनं ओरडला, "सुयश! मागं कोण?"

सुयशनं तोंड उघडलं... आणि त्याला मुक्ताबाईचा थांबलेला हात आठवला.

"आहेत," तो म्हणाला. "आहेत मागं."

त्यांच्या पाठीमागं बारीक खडे घरंगळायला लागले. कुणीतरी अनवाणी, सावकाश उतरावं तसे. अगदी शेवटच्या वळणापर्यंत.

तिथं थांबले.

गाडीत बसल्यावर वैदेहीनं सांगितलं. चेन लावली, हेल्मेट घालणार, तेवढ्यात एका बाईनं हात धरला. चल, वर मानसं हायेत, म्हणाली. अंधुक उजेडात तिला वाटलं, मघाचीच आजी आहे.

"पण दादा, हात ओला होता रे तिचा. गार."

तिनं उजवा तळवा पुढं केला. मे महिन्यातली ती गरम हवा, आणि तळवा घरी पोचेपर्यंत वाळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दोघं वस्तीवर गेले. मुक्ताबाई ओट्यावर बसली होती. तिचा मुलगा बन्सी शेळ्या सोडत होता. सुयशनं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली.

मग म्हणाली, "सत्यभामा. थोरली बहीन माझी."

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीवरच्या बायका त्याच झिऱ्यावर जायच्या. ओळीनं उतरायच्या. एका संध्याकाळी पुढचीनं विचारलं, मागं कोन? मुक्ता तेव्हा सोळा वर्षांची. पाय भरून आले होते, घर गाठायचं होतं. सत्यभामा वर घागर भरत होती.

"मी म्हनले, मीच शेवटली, चला. येईल म्हनलं ती आपली आपली."

ती आली नाही. घागर सापडली, सत्यभामा नाही.

"चव्वेचाळीस वर्सं झाली. रोज जाते मी तिथं. लोकाला आवाज येतो. मला येकदाबी दिला नाय तिनं." तिनं वैदेहीकडं पाहिलं. "लई राग हाय का गं तिचा माझ्यावर?"

वैदेहीचे डोळे भरले. पुढचं तिनं सुयशलाही सांगितलेलं नव्हतं.

"राग नव्हता आजी. ती मला एकच विचारत होती. सारखं तेच. मुक्ती खाली पोचली का?"

मुक्ताबाई मग उठली. डोक्यावर पदर घेतला, घागर तिथंच ठेवली आणि डोंगराकडं चालायला लागली.

"आये, कुठं निघालीस? ऊन लई हाय!" बन्सी म्हणाला.

"पोचले म्हनून सांगून येते," ती म्हणाली.

टळटळीत ऊन होतं. सागाला पान नव्हतं, त्यामुळं ती वर जाताना बराच वेळ दिसत होती. झिऱ्याच्या वळणाआड गेली... आणि परत दिसली नाही.

दुपारी बन्सी वर गेला. सुयशही गेला. मग वस्तीतले सगळे. चार दिवस डोंगर पालथा घातला. कपारी, कोरड्या विहिरी, खदानी, सगळं बघून झालं.

काही सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

सुयशनं सायकल विकून टाकली. तो म्हणतो, आपण म्हातारीला सांगायला नको होतं, आपणच तिला वर धाडलं. वैदेही म्हणते, सांगायलाच हवं होतं, ती त्याच निरोपासाठी थांबली होती. घरात हा विषय निघाला की दोघंही ताटावरून उठून जातात.

मला दोघांचंही पटतं. त्यामुळं झोप माझीही उडते.