मिठाचा डबा

डोक्याला शाम्पू चोपडलेला, पण फेसाचा पत्ता नाही... अशा अवतारात दार उघडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उलव्यातल्या त्या सोसायटीत मला जायचं होतं चौथ्या मजल्यावर; बेल वाजवली तिसऱ्यावर.

"सॉरी, चुकून वाजली," मी म्हणाले. "पण माझी गरज तुम्हालाच जास्त दिसतेय."

मी राजश्री कांबळे. महापेच्या एका कंपनीसाठी घरोघरी वॉटर सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, बसवते. तो नंदकिशोर. उरणकडच्या मिठागरवाल्यांतला, इथे आईसोबत राहणारा. त्यांचं बोअरचं पाणी तपासलं, तर क्षार चिक्कार.

"घरात माणसं किती? त्यावर मशीन ठरतं."

"सध्या दोन."

"सध्या?"

"मशीन घेताना पुढचा विचार करावा ना..." तो नळाकडे बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

मी तीन माणसांना पुरेल असं मशीन सुचवलं. कंपनीच्या फायद्यासाठी, दुसरं काय!

महिन्याभरानं तक्रार आली, पाणी पुन्हा जड. मशीनची मिठाची टाकी उघडली, तर तळाशी चिखल. त्याची आई केशरबाई ठसक्यात म्हणाल्या, "आमचे आगराचं मीठ हाय. घरचं असताना बाजारचं कशाला?"

"मावशी, मीठ झकास आहे. पण या मिठाच्या पाण्यानंच मशीन आतून धुतलं जातं. माती गेली की तुंबतं."

मी टाकी साफ केली. नंदकिशोर स्वच्छ मिठाचा डबा घेऊन आला. मी हात पुढे केले. त्यानं डबा माझ्या हातात न देता खाली फरशीवर ठेवला.

माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, हे ऐकत मी वाढले. मी मुकाट्यानं मीठ भरलं आणि निघाले. त्याच्या मेसेजना उत्तर दिलं नाही. सगळ्यात जास्त राग माझाच आला, कारण हा माणूस मला मनापासून आवडला होता.

पुढच्या सर्व्हिसला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण विचारल्याशिवाय सोडणं माझ्या स्वभावात नाही.

"त्या दिवशी डबा हातात का नाही दिलात?"

तो गोंधळला. "मीठ होतं ना..."

"मीठ कुनाचे हातात देव नये, पोरी," केशरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "भांडन होतं. मला पन तो ओट्यावरच ठेवून देतो."

असल्या समजुती आमच्या आजोबांनी कधीच घराबाहेर काढल्या होत्या. मला ठाऊक असणार कुठून? मी काय समजले होते, ते मी सरळ सांगून टाकलं. नंदकिशोरचा चेहरा खर्रकन उतरला. तो आत गेला, पाण्याचा पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला.

"तुमच्याशी कधीच भांडण होऊ नये, असं वाटलं... म्हणून," तो म्हणाला.

मी पाणी प्यायले. सगळं. मग टाकीजवळच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"आता तो द्या. हातात."

"अहो, भांडण होईल..."

"होऊ दे की. तिसरं माणूस घरात आलं की भांडणं व्हायचीच."

त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिला... आणि बराच वेळ सोडलाच नाही.